पीटी सरांचे अकरा खेळाडू

ग्वाल्हेरला खोली बघायला गेलो तेव्हा माझी मुलाखत एका बोकडाने घेतली.

घरमालक हाताची घडी घालून बाजूला उभे होते. "हात पुढे करा," त्यांनी हुकूम सोडला. मी केला. बोकडाने तो मनगटापर्यंत हुंगला, मग माझ्या बाहीचं बटण तोंडात धरून जरा वेळ विचार केला आणि सोडून दिलं. "पसंत आहात," घरमालक म्हणाले. "सामान घेऊन या. आणि ते बटण शिवून घ्या, सैल आहे." भाडं किती, पाणी किती वाजता येतं, पंखा कोणाचा, हे सगळं मला नंतर त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना विचारावं लागलं. घरमालकांच्या दृष्टीने करार तिथेच पुरा झाला होता.

मी मूळचा कराडचा. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती, रक्ताच्या बाटल्या आणि लघवीच्या डब्या सांभाळायची. एवढ्या लांब जायला मी नाखूश होतो. पण मामांनी समजूत घातली, की तिकडे आपल्या मराठ्यांची जुनी घरं आहेत, फौजेबरोबर गेलेली आणि तिकडचीच झालेली, तुला परकं वाटणार नाही. मी मनात म्हटलं, मराठ्याचं घर म्हणजे रविवारी मटण तरी नक्की. माणसाने आशा करावी, पण इतकी नेमकी करू नये.

लष्कर भागात त्यांना सगळे पीटी सर म्हणत, म्हणून मीही सर म्हणू लागलो. तीस-एक वर्षं त्यांनी एका शाळेत कवायत आणि हॉकी शिकवली होती. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना शाल दिली, नारळ दिला, पण शिट्टी परत मागून घेतली नाही. चूक शाळेची, आणि भोगायची आम्ही. सकाळी साडेपाचला माझ्या खिडकीखाली ती शिट्टी वाजायची आणि पाठोपाठ अकरा गळ्यांतून उत्तर यायचं. पहिले सहा महिने मी उशीखाली डोकं घालून सरांना, त्यांच्या शाळेला आणि शिट्टीचा शोध लावणाऱ्याला शिव्या दिल्या.

अकरा म्हणजे बरोबर अकरा. सात बकऱ्या, चार मेंढ्या. हॉकीच्या टीमला जितके लागतात तितके, आणि नावंही मैदानावरच्या जागांची. दूध देणारी चपळ बकरी लेफ्ट इन, सतत कुंपणाला चिकटून चालणारी राइट आउट. एकुलता एक मेंढा गोली, कारण तो दरवाजात उभा राहिला की कोणाला आतबाहेर करता येत नसे. माझी मुलाखत घेणारा बोकड कॅप्टन. सर रोज संध्याकाळी हजेरी घेत. नाव पुकारलं की ज्याने त्याने ओरडायचं. सेंटर हाफ नावाची मेंढी कधीच ओरडली नाही, तरी सर तिच्यासाठी थांबायचे, तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे, दिसून राहिलीस."

बकऱ्यांना पुढे आणि मेंढ्यांना मागे ठेवायचं, हे त्यांचं धोरण होतं आणि त्यामागे तत्त्वज्ञान होतं. "बकरीला हुकूम दिला की ती विचार करते," ते म्हणत. "मेंढीला दिला की ती शेजारणीकडे बघते. शाळेतसुद्धा हेच दोन प्रकार होते. फरक इतकाच, की ह्यांचे पालक तक्रार घेऊन येत नाहीत."

कंपूच्या मागच्या टेकडीवर ते टीमला चरायला नेत. पांढरे कॅनव्हासचे बूट, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, थंडीत तिच्यावर स्वेटर, पण चड्डी तीच. रस्ता ओलांडताना एक हात वर करून शिट्टी फुंकत, आणि बस असो नाहीतर ई-रिक्षा, सगळं जागच्या जागी थांबे. एकदा एका टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. सर वळले, चष्म्यातून त्याच्याकडे निरखून बघत म्हणाले, "तू आठवी ब ना रे?" टेम्पोवाला चाळिशी उलटलेला, डोक्यावर चंद्र उगवलेला. तो मुकाट्याने खाली उतरला, कान धरले आणि म्हणाला, "सर, ध्यान नहीं दिया." सरांनी त्याला माफ केलं, पण राइट आउटची माफी मागायला लावली. अर्ध्या लष्कराने त्यांच्या हाताखाली मैदानाच्या फेऱ्या मारल्या होत्या. त्या शहरात सरांना कोणी वेडं म्हणत असलं तरी ते आपापल्या घरात, दार लावून.

मटणाचं सांगतो. सरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खंडेनवमीला शस्त्रांची पूजा व्हायची आणि बोकडाचा मान असायचा. मी येण्याच्या आधी पाच-सहा वर्षांची गोष्ट. त्या वर्षी बोकड आठ दिवस आधी आणून अंगणात बांधला. सर अंगणात व्यायाम करायचे, तेव्हा तो समोर उभा राहून बघायचा. चौथ्या दिवसापासून सरांची शिट्टी वाजायच्या आतच तो उठून तयार असायचा. नवमीला तलवारी मांडल्या, झेंडूच्या माळा घातल्या, भाऊबंद जमले, आणि सर बोकडाच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"हा वेळेवर हजर राहतो," ते म्हणाले. "एकही दिवस दांडी नाही. ह्याला मी कशाची शिक्षा देऊ?"

भाऊबंदांनी देवीच्या कोपाची आठवण करून दिली. सर म्हणाले, "देवीला मी सांगून दिलं आहे." शेवटी कोहळा कापला. दोन चुलतभाऊ न जेवता गेले. एकटा बोकड, म्हणजे आताचा कॅप्टन, दिवसभर ओरडतो म्हणून त्याला सोबत एक बकरी आली, बकरी एकटी चरत नाही म्हणून आणखी दोन, टेकडीवरच्या ओळखीच्या गडरियाने, म्हणजे तिकडच्या धनगराने, दोन मेंढ्या दिल्या, आणि असं करत अकरा भरले. त्या दिवसापासून घरात मटण बंद. आता हे त्यागाबिगाचं काही नव्हतं, सरांचा मटणावर फार जीव होता. म्हणून दर रविवारी काकू सुकं खोबरं, कांदा, खसखस भाजून तोच मसाला वाटत, तोच झणझणीत रस्सा करत, आणि त्यात फणस घालत. तिकडे त्याला कटहल म्हणतात. मी कराडचा माणूस, पहिल्या रविवारी ताटाकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटामुळे नव्हतं. सर दर रविवारी पहिला घास घेऊन विचारायचे, "ह्यात हाड कुठे आहे?" काकू दर रविवारी उत्तर द्यायच्या, "हाडं तुमच्या अंगणात हिंडून राहिली आहेत."

त्या घरातली माणसं आपसांत फार बोलत नसत, ती सगळी टीमशी बोलत. सरांचा मुलगा शिवपुरीला विजेच्या खात्यात होता, शनिवारी यायचा. त्याच्या फोनमध्ये पहिला प्रश्न टीमचा आणि दुसरा बायकोचा, ह्याबद्दल बायकोची तक्रार नव्हती, कारण तिचंही तेच होतं. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, फूलबागेजवळच्या एका विम्याच्या कचेरीत नोकरीला. संध्याकाळी घरी आल्या की आधी अंगणात जायच्या, पालथ्या बादलीवर बसायच्या आणि लेफ्ट इनची मान खाजवत साहेबाचं सगळं गाऱ्हाणं तिला सांगायच्या. दहा मिनिटांत चेहरा निवळला की मग उठून घरात. काकू म्हणायच्या, "माझ्या वाट्याचं सगळं ती बकरी ऐकून घेते, म्हणून आमचं सासूसुनेचं इतकं बढिया चालतं." नात गार्गी कॉलेजात होती. ती परीक्षेची उत्तरं मेंढ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. "ये लोग बीच में टोकते नहीं, काका," ती मला म्हणाली. मी तिला बीच में टोकत असे, हे मला तेव्हा समजलं.

आणि मी? शिव्या देणारा मी, वर्षभरात सकाळी सहाला उठून लेंड्या गोळा करू लागलो. एका बकरीचं पोट बिघडलं होतं, तेव्हा मी तिची लेंडी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून जंत ओळखले. सरांनी त्या दिवशी सगळ्या घरासमोर माझी पाठ थोपटली. माझ्या शिक्षणाचा इतका मान माझ्या सख्ख्या बापानेही केला नव्हता.

बाहेर राहिल्या त्या फक्त काकू. कॅप्टनने पहिल्याच वर्षी त्यांच्या माहेरून आणलेलं चाफ्याचं रोप खाल्लं आणि मग वाळत घातलेल्या लुगड्याचा पदर. तेव्हा काकूंनी जाहीर केलं, "माझं राज्य उंबऱ्याच्या आत. बाहेरची पलटण तुमची." तेव्हापासून त्यांनी मागच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. कपडेसुद्धा गच्चीवर वाळत घालत. पण मी वरच्या खोलीतून बघत असे. थंडीत मटार सोलायला बसल्या की काकू टरफलं खिडकीतून बाहेर टाकायच्या, मेथीची देठं टाकायच्या, आणि अधूनमधून, कोणी बघत नाही असं पाहून, न सोललेल्या शेंगासुद्धा. मी एकदा विचारलं. "सालं फेकायचीच असतात," त्या म्हणाल्या. "त्यात एखादी शेंग चालली जाते."

राइट बॅक नावाची मेंढी गाभण राहिली तेव्हा काकूंचा हा तटस्थपणा फारच पातळ झाला. खिडकीतून हुकूम सुटू लागले. "तिला वाऱ्यात बांधू नका. पहिलटकरीण आहे." "गूळ दिलात का तिला?" "आज ती डाव्या कुशीवर बसून राहिली आहे, बघा जरा." सर नुसते हूं म्हणायचे, पण सांगितलेलं सगळं करायचे.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, ती व्यायली. चार दिवस उन्हाचं दर्शन नव्हतं. ग्वाल्हेरचं धुकं म्हणजे अंगणातल्या नळाचं तोंडसुद्धा दिसत नाही. पहाटे सर तिच्याजवळ बसून होते. कोकरू बाहेर आलं, आईने चाटलं, ते लटपटत उभं राहिलं, चीक प्यायलं. सर खूश होऊन बाजारात गेले, आईसाठी गूळ आणि ओवा आणायला. वहिनी कामावर गेल्या होत्या, गार्गी झोपली होती. माझी दुपारची पाळी होती म्हणून मी चहा पीत ओट्याजवळ उभा होतो, आणि काकू खिडकीशी.

"ओलं आहे हो ते लेकरू," काकू म्हणाल्या. "थंडीने कापून राहिलं आहे. आई चाटते तर अजून ओलं होतं."

मी म्हटलं, हो.

"पाणी तापवून द्या," काकू म्हणाल्या, आणि पदर खोचून उंबरा ओलांडला.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि त्यातली अर्धी मदत मी केली. काकूंनी ते कोकरू स्वयंपाकघरात आणलं. पायांवर आडवं घेतलं, जसं तान्ह्या बाळाला घेतात. हळद आणि डाळीचं पीठ लावून, कोमट पाण्याने, मान सांभाळत न्हाऊ घातलं. मऊ जुन्या लुगड्याने पुसलं. मग निखाऱ्यांवर ओवा आणि वेखंड टाकून धुरी दिली. गालाला काजळाची तीट लावली. नातीच्या वेळी त्यांना हे काही करता आलं नव्हतं. गार्गी तिच्या आईच्या माहेरी जन्मली होती, आणि काकू पहिल्यांदा तिला बघायला गेल्या तेव्हा ती चार महिन्यांची झाली होती. हे त्यांनी मला न्हाणं चालू असतानाच सांगितलं. कोकरू अगदी कापसासारखं पांढरं झालं. माझ्याने राहवलं नाही, मी फोटो काढला.

काकूंनी ते नेऊन आईपुढे ठेवलं. राइट बॅकने हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि डोक्याने असा धक्का दिला की कोकरू तीन हात लांब जाऊन पडलं.

मेंढी आपलं पोर वासाने ओळखते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. दिवसभर वासाच्याच वस्तू तपासणारा माणूस मी, आणि पातेलं भरभरून गरम पाणी मीच दिलं होतं.

सर गुळाची पिशवी घेऊन आले, तेव्हा काकू अंगणात कोकराला पुन:पुन्हा आईपुढे धरत होत्या आणि ती पुन:पुन्हा ढकलत होती. सरांनी कोकरू उचललं, नाकाशी धरलं. वेखंडाचा घमघमाट होता. गालावरची तीट बघितली.

"कोणी केलं?"

"मी," काकू म्हणाल्या.

"पाणी मी तापवलं," मी म्हटलं. माझा आवाज मला आठवी ब सारखा वाटला.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि बाह्या सरसावल्या. मेंढीचं दूध काढून कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळलं. तिने चाटलं नाही. मीठ लावलं. मीठ चाटलं आणि मग ढकललं. दोघांनी तिला धरून कोकराला सडाशी लावलं, तर ती लाथा झाडू लागली. गुरांचा डॉक्टर फोनवर म्हणाला, "बाटलीने पाजून बघा, पण ह्या थंडीत आईची ऊब नसेल तर सांगता येत नाही."

दोन दिवस काकूंनी ते कोकरू मांडीवरून खाली ठेवलं नाही. बाटलीने दोन-चार घोट घ्यायचं, मान टाकायचं. काकू जेवत नव्हत्या. वहिनी म्हणाल्या, "आई, तुम्ही परेशान नका होऊ, मी सुट्टी घेऊन घेते," तर त्यांनी ऐकलं नाही. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं माझ्या उंबऱ्यात राहिले ते बरं होतं. एकदा बाहेर गेले, आणि एका आईचं लेकरू तोडून आले." मी काहीतरी समजुतीचं बोललो. काय बोललो ते आठवत नाही, कारण मला स्वतःलाच रडू येत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सर टेकडीवरून आले ते तडक अंगणाच्या मध्यभागी उभे राहिले. तिथल्या गडरियाने त्यांना एक जुना उपाय सांगितला होता. आईला धोका दाखवायचा. समोर कुत्रं आलं की मेंढी विचार करत नाही, पोर पाठीशी घेते, आणि एकदा पाठीशी घेतलं की ते तिचं.

शेजारच्या वकीलसाहेबांचा लॅब्रेडोर आणला. त्याचं नाव टायगर. दूध-पोळीवर वाढलेला, चालताना त्याला दम लागायचा. काकूंनी कोकराला पुन्हा मीठ चोळून ते राइट बॅकच्या पुढ्यात ठेवलं. टायगर आला, शेपटी हलवली, कोकराच्या पाठीवरचं मीठ चाटून घेतलं, आणि मऊ भुसा बघून त्यावर आडवा झाला.

"आजोबा, ये तो सो गया!" गार्गी ओरडली.

सरांनी टायगरकडे बघितलं. तीस वर्षांत त्यांनी किती उशिरा आलेली पोरं बघितली असतील, पण असा खेळाडू बघितला नसेल. मग त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. खुंटीवरचं काळं कांबळं पाठीवर ओढलं. आणि गुडघे दुखतात म्हणून देवळात जमिनीवर न बसणारा तो माणूस हातांवर आणि गुडघ्यांवर उतरला.

"अहो!" काकू म्हणाल्या.

सर भुंकले.

पहिलं भुंकणं अगदीच शाकाहारी झालं. राइट बॅक रवंथ करत राहिली. दुसरं मात्र पोटातून आलं. मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्या आवाजाने तीस वर्षं पोरं पळवली, तो आवाज आला. बकऱ्या उधळल्या. कॅप्टन पाण्याच्या टाकीवर चढला. टायगर दचकून उठला आणि शेपूट घालून वकीलसाहेबांच्या फाटकाकडे पळाला. सर गुरगुरत, कांबळं फरफटत, कोकराच्या दिशेने सरकू लागले. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. गार्गीने फोन काढला होता, पण ती इतकी हसत होती की त्या चित्रफितीत फक्त आभाळ दिसतं आणि आजोबांचा आवाज ऐकू येतो.

राइट बॅकने मान वर केली. पुढचा पाय जमिनीवर आपटला. सर थांबले नाहीत. तिने पुन्हा पाय आपटला, आणि मग एक पाऊल पुढे टाकून कोकराच्या आणि सरांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"बस झालं, अहो, मागे या!" काकू ओरडल्या.

सरांनी अजून एकदा, अगदी जवळून, भुंकून घेतलं. राइट बॅकने डोकं खाली घातलं आणि सगळी ताकद लावून त्यांच्या उजव्या खांद्यावर धडक दिली. सर कांबळ्यासकट बरसीमच्या हिरव्या चाऱ्याच्या ढिगात जाऊन पडले. ती त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग वळली, कोकराला हुंगलं, आणि घशातल्या घशात एक असा आवाज काढला जो मी त्या अंगणात आधी कधी ऐकला नव्हता. कोकरू तिच्या पोटाखाली घुसलं. त्याची शेपटी थरथर हलायला लागली.

काकू होत्या तिथेच, चिखलात, मटकन बसल्या. वहिनी डोळे पुसत होत्या. ढिगातून सर म्हणाले, "पिऊन राहिलं का?" मी हो म्हटलं. "मग चष्मा द्या," ते म्हणाले, "मला बघू दे."

मी त्यांना आमच्या इस्पितळात नेलं. हाड मोडलेलं नव्हतं, मुका मार होता. तरुण डॉक्टरने विचारलं, "कैसे लगी, अंकल?" सर छाती काढून म्हणाले, "मॅच में."

आता मी कराडला परत येऊन दोन वर्षं झाली. गार्गी अधूनमधून टीमचे फोटो पाठवते, त्यात बारावा खेळाडू केवढा तरी झालेला दिसतो. पण सरांची आठवण निघाली की मला त्यांची शिट्टी किंवा ते बूट आठवत नाहीत. मला ती संध्याकाळ आठवते. मी त्यांच्या गळ्यात हाताची झोळी बांधायला म्हणून स्वयंपाकघरात थांबलो होतो. सर पाटावर उघडे बसले होते आणि काकू मोहरीच्या तेलात लसूण तडतडवून त्यांच्या खांद्याला चोळत होत्या. चोळता चोळता तोंड चालू होतं.

"ह्या वयात चार पायांवर! हाड मोडलं असतं म्हणजे? आणि गल्लीत लोक काय म्हणतील? एका मेंढीसाठी!"

"मेंढीसाठी नाही," सर म्हणाले.

"मग कशासाठी?"

मी झोळीची गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"कोकरं येतात, जातात," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत मी चार पुरली आहेत. हेही गेलं असतं तर पुरलं असतं, रडलो असतो, आणि दुसऱ्या सकाळी टीम घेऊन निघालो असतो. पण तू पुन्हा कधी त्या अंगणात उतरली नसतीस. मी तुला ओळखून आहे. तुझ्यासाठी भुंकलो मी."

काकूंचा हात थांबला. तेलाने माखलेला होता म्हणून त्यांनी मनगटाने डोळे पुसले.

"दुसरा खांदा इकडे करा," त्या म्हणाल्या.

"त्याला काही नाही झालं."

"असू द्या," काकू म्हणाल्या, आणि वाटी पुन्हा निखाऱ्यावर ठेवली.